मिठाच्या रांजणातली सुरी

फार पूर्वी, जेव्हा राजेलोक शत्रूपेक्षा आपल्याच ताटाला जास्त भीत, तेव्हा एका राज्यात एक आचारी होता. त्याच्या हाताला अशी चव की शेजारचे राजे मुद्दाम भांडण उकरून काढतात ते तहाच्या पंगतीसाठी, असं लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात. पण आचारी खरोखर चांगला होता.

त्या राजाच्या वडिलांना जेवणातून विष घातलं होतं. म्हणून राजाने एक नियम केला होता. ताटातला पदार्थ काळा पडला, की त्यात विष आहे असं समजायचं आणि तो करणाऱ्याचा कडेलोट करायचा. आता लोखंड लागलं की कैरी काळी पडते, हे कुठल्याही घरच्या बाईला ठाऊक असतं. राजालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने दुसरा नियम केला, की मुदपाकखान्यात लोखंड आणायचंच नाही. आणेल त्याची चाकरी गेली. भांडी सगळी कल्हईची, सुऱ्या आणि विळ्या चांदीच्या.

चांदीची सुरी दिसायला फार छान. तिने एकदा सुरण चिरून बघावा, म्हणजे कळेल. चार फोडी झाल्या की धार गेली. आचाऱ्याचं मनगट रोज संध्याकाळी सुजायचं, आणि त्याच्या हाताखाली भाज्या चिरणाऱ्या बाईचं तर दुपारीच. या बाईला सगळे आक्का म्हणत. तिचा नवरा पाणक्या होता. तो कावडीने मुदपाकखान्यात पाणी भरायचा.

आचाऱ्याला एकच ध्यास होता, एक खरी सुरी. गावोगावच्या बाजारात तो सुऱ्या हातात घेऊन बघायचा. कुठली पुढे जड, कुठली मागे जड, कुठलीची मूठ तळव्याला बोचायची. अशी नऊ वर्षं गेली.

शेवटी एका बंदरावर त्याला ती मिळाली. एक म्हातारी जहाजांवरचं जुनं सामान घेऊन बसली होती. दोर, कंदील, गळ आणि त्यांच्यात एक लांब, रुंद पात्याची पोलादी सुरी. मूठ फिरंगी घाटाची होती. दोन्ही बाजूंनी काळ्या लाकडाच्या पट्ट्या, तीन पितळी खिळे, मागच्या टोकाला थोडा बाक, म्हणजे हात ओला असला तरी सुटायला नको. पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे आचाऱ्याने एक बोट धरलं. सुरी बोटावर आडवी राहिली. इकडे झुकेना, तिकडे झुकेना. आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारी म्हणाली, "न्यायची तर ने बाबा. पण हे पोलाद आहे. वापरलीस की पूस, ओली ठेवलीस तर गंजेल. आणि आंबटाला लावू नकोस. स्वतः काळी पडेल आणि चिरलेलंही काळं करील."

"एवढी देखणी सुरी काळं करील?" आचारी हसला.

"देखणी असली म्हणून काय झालं? लोखंडाचीच लेक ती," म्हातारी म्हणाली.

आचाऱ्याने सुरी कमरेला बांधून मुदपाकखान्यात आणली. सकाळी कुणी यायच्या आत तो तिने भोपळा चिरायचा, सुरण चिरायचा, मग सुरी पुसून कपाटात ठेवायचा. मनगटाची सूज उतरली. आक्काने सुरी एकदा पाहिली होती, पण ती कुणाजवळ बोलली नाही. तेवढी माया तिला होती.

मग एक दिवस राजाकडे पाहुणे आले. पंगत दोनशे पानांची. आक्कापुढे कैऱ्यांची टोपली, आणि हातात चांदीची बोथट सुरी. बोटं इतकी सुजलेली की मूठ वळेना. आचाऱ्याला ते बघवेना. त्याने कपाट उघडलं आणि आपली सुरी तिच्यापुढे धरली.

"घ्या आक्का. आज हिने चिरा. चटकन उरकेल."

आक्का मागे सरकली. "अहो दादा, लोखंड आहे हे. कैरी काळी पडेल."

आता इथे आचाऱ्याने म्हातारीचं बोलणं आठवायला हवं होतं. आठवलंही. पण एखादी वस्तू फार आवडली की तिच्यात काही खोट आहे हे माणसाला पटत नाही. तो म्हणाला, "साधं लोखंड नाही हो हे. फिरंगी पोलाद आहे. हिला काही होत नाही. मी सांगतो ना."

तो सांगतोय म्हणून तिने चिरल्या. घटकाभरात टोपली संपली. आक्का हसून म्हणाली, "लोणी चिरल्यासारखं वाटलं हो, दादा."

कैरीची कोशिंबीर राजपुत्राच्या पानात वाढली, तेव्हा तिच्या कडा निळ्याकाळ्या झाल्या होत्या. पंगतीत एकच ओरडा झाला. तो मुदपाकखान्यात ऐकू आला तशी आचाऱ्याने सुरी उचलली आणि, पुसायचंही न सुचून, मिठाच्या रांजणात खोल खुपसली. शिपाई आले. कैऱ्या कुणी चिरल्या, म्हणून त्यांनी विचारलं, आणि आक्काला राजापुढे उभं केलं.

आक्का घाबरली होती, पण फार नाही. ती म्हणाली, "महाराज, विष नाही. लोखंडाने काळं पडलंय. आचारीदादांच्या सुरीने चिरलं मी. त्यांनाच विचारा."

राजाने आचाऱ्याला विचारलं, "तुझ्या मुदपाकखान्यात लोखंड आहे?"

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. आता हे बोलतील आणि सुटका होईल, असा तिचा चेहरा. आचाऱ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. हो म्हटलं तर आपली चाकरी जाईल आणि सुरी जाईल. नाही म्हटलं तर आक्काचा जीव जाईल.

"नाही, महाराज," तो म्हणाला.

"दादा, असं काय करता? सांगा ना!" आक्का म्हणाली.

आचारी जमिनीकडे बघत राहिला. शिपायांनी कपाटं उघडली, चुली उकरल्या. मिठाच्या रांजणात हात घालावा असं कुणालाच सुचलं नाही. राजा म्हणाला, "सूर्य मावळताना कडेलोट."

सूर्य मावळायला दोन प्रहर होते. आचाऱ्याने स्वतःला सांगितलं, पाहुण्यांची जेवणं होऊ देत, मग बोलतो. जेवणं झाली. मग म्हणाला, राजाची वामकुक्षी होऊ दे. राजा उठला, तेव्हा आचारी रात्रीच्या जेवणाचे तांदूळ निवडत बसला होता. तांदळात एकही खडा नव्हता, तरी तो निवडत होता. कड्याकडून नगारा वाजला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात राजाने त्याच्या हातात सोन्याचं कडं घातलं. इतका इमानी आचारी दुसरा नाही, असं राजा म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी आचाऱ्याने रांजणातून सुरी काढली. मिठाने तिला खाल्लं होतं. पात्यावर तांबडे खड्डे पडले होते. राखेने घासघासून त्याने ती उजळली आणि पुन्हा बोटावर धरून पाहिली. तोल तसाच होता. पण जी सुरी नाही असं राजापुढे सांगितलं, ती आता चालवायची कुठे? कुणी पाहिली तर? घरीसुद्धा त्याला ती बाहेर काढता येईना. पुन्हा चांदीच्या सुऱ्या आल्या, पुन्हा मनगट सुजायला लागलं. नऊ वर्षं शोधून मिळवलेली सुरी त्याच्याकडे होती आणि नव्हतीही.

पाणक्या रोज पाणी आणत होता. राजाची चाकरी, करतो काय बिचारा! हंडे भरायचा आणि जायचा. आचाऱ्याला ते सोसवेना. एका सकाळी त्याने फडक्यात गुंडाळलेली सुरी उघडून पाणक्यापुढे ठेवली.

"तुझी बायको खरं बोलत होती," आचारी म्हणाला.

पाणक्याने सुरीला हात लावला नाही.

"मला ठाऊक होतं ते," तो म्हणाला. "ती कधी खोटं बोलली नाही. माझ्यापुढे कशाला ठेवता? राजापुढे ठेवा. निदान तिच्या नावावरचं विष तरी पुसलं जाईल."

"राजा मला जिवंत सोडायचा नाही रे."

"त्या दिवशी नुसती चाकरी गेली असती, दादा," पाणक्या म्हणाला. मग त्याने रिकामी कावड खांद्यावर घेतली आणि विहिरीकडे निघून गेला.

आचारी राजाकडे गेला नाही. त्याने सुरी फडक्यात गुंडाळली, चूल पेटवली आणि त्या दिवशीही जेवण वेळेवर वाढलं. राजाने दोनदा मागून घेतलं.

तात्पर्य: खरं बोलायची किंमत पहिल्या दिवशी सर्वांत कमी असते. तेव्हा जो ती द्यायची टाळतो, त्याला पुढे ती जन्मभर परवडत नाही, आणि मधल्या मध्ये दुसऱ्याचा जीव जातो.