छपरावरची पावलं

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, मनाली पाहिली आणि चंद्रपुरात थेट तिथल्यासारखंच घर बांधलं. पत्र्याचं उतरतं छप्पर, पश्चिमेला भिंतभर काचा. हिवाळ्यात त्यांनी वास्तुशांत केली, मग आमचं लग्न झालं. उन्हाळा लागला आणि दिवस मावळताच छपरावर कुणीतरी चालू लागलं. टक्... टक्... मग काचा कण्हायच्या.

मामाजींनी मांत्रिक बोलावला. तो म्हणाला, "बाधा सूनबाईच्या पाठीमागून आलीय. तिला माहेरी धाडा."

"उद्याच बॅग भर," मामाजींनी हुकूम सोडला.

"भरते. पण हा पाहुणा माझ्या माहेरचा नाही मामाजी, मनालीचा आहे," मी हळूच म्हटलं. "छप्पर बर्फ घसरायला उतरतं, काचा ऊन आत घ्यायला. तो पत्रा दिवसभर ऊन पिऊन फुगतो, संध्याकाळी टक्-टक् आकसत बर्फ शोधत फिरतो. पत्र्यावर भाताचं तणस टाका, काचांना बाहेरून वाळ्याच्या ताट्या लावा. तरी पाहुणा चालला, तर मी जाते."

दुसऱ्या दिवशी तणस पसरलं, ताट्या लागल्या; संध्याकाळी सगळे अंगणात कान देऊन बसले. अंधार पडला. छप्पर गप्पच.

"पळालं भूत! माझ्या मंत्रानं!" मांत्रिक ओरडला.

मामाजी ताट्यांवर पाणी मारत होते. "असं? मग मनालीला जाऊन बघून ये, नीट पोचलं का."