साठावर अडलेलं कार्ड

"मग दोष कार्डाचा न्हाई, तर कुणाचा, वस्ताद?"

अभिनंदन चौगुलेनं हे विचारलं तेव्हा त्याच्या कवेत कॉम्प्युटरचा अख्खा डबा होता आणि कपाळावरून घाम गळत होता. एक तर जिना चढून आलेला, त्यात रागावलेला.

दस्तगीर वस्तादांनी बशीतला चहा संपवला आणि बशी कपाखाली सरकवली.

"आधी खाली तर ठेव त्याला," ते म्हणाले. "लेकरू घेऊन दवाखान्यात आल्यागत उभा हाईस."

कोल्हापुरात, पिठाच्या गिरणीवरच्या माडीत, वस्तादांची ही तालीम होती. तिथं तांबडी माती नव्हती, मुदगल नव्हते. होते ते टेबलांवर मांडलेले कॉम्प्युटर आणि कानाला हेडफोन लावून त्यांच्यापुढं लढणारी पोरं. पण गाव पडलं कोल्हापूर. शिकवणारा वस्ताद, शिकणारा पठ्ठा आणि शिकायची जागा ती तालीम, मग लढाई मातीतली असो की पडद्यावरची.

वस्ताद आता स्वतः खेळत नसत. खेळणाऱ्याच्या पाठीशी उभे राहत आणि फार कमी बोलत. त्यांच्या तोंडून एक 'शाब्बास' निघावी म्हणून पोरं जीव टाकत.

अभिनंदनच्या देखत ती शाब्बासकी एकालाच मिळाली होती. निवास खोतला.

निवास आत्ताही खिडकीजवळच्या पहिल्या खुर्चीत होता, हेडफोन लावून, जग विसरून. पहिल्या खुर्चीत बसतो तो संघाचा नायक. बाकीच्यांनी त्याच्या हाकेवर पुढं व्हायचं आणि त्याच्या हाकेवर मागं यायचं. संघ पुण्याच्या स्पर्धेला निघाला होता आणि ती खुर्ची कुणाची, ते वस्ताद रविवारी सांगणार होते.

अभिनंदनला ती खुर्ची हवी होती. इतकी, की जेवताना घास घशाखाली उतरत नसे.

आणि निवासकडं होतं तरी काय? जुनापुराणा कॉम्प्युटर. त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळाची चित्रं रंगवून पडद्यावर धाडणारा भाग, कुणीतरी टाकून दिलेलं आणि निवासनं झाडूनपुसून लावलेलं. अंगानं बुटका, पाय जमिनीला टेकावेत म्हणून खुर्ची पार खाली करून बसणारा. कीबोर्डसुद्धा सरळ ठेवायचा नाही, डावीकडं तिरका. आणि तरी जिंकायचा तोच. तो जिंकला की अभिनंदन टाळ्या वाजवायचा, पण टाळ्या वाजवताना दातओठ खायचा. आपल्या पोटात हे काय पेटतंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त त्याचं नाव घ्यायची लाज वाटायची.

शेवटी त्यानं मोटरसायकल विकली आणि नवंकोरं कार्ड आणलं, दुकानात होतं त्यातलं सगळ्यात दांडगं. आता निवासची काय बिशाद, म्हणत ते बसवलं. खेळ सुरू केला तर जैसे थे. तेवढाच वेग आणि तेच धुरकट चित्र. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

"काय काय करून बघितलंस?" वस्तादांनी विचारलं.

"दुकानदाराशी भांडलो. त्यानं कार्ड त्याच्या मशीनला लावून दाखवलं. तिथं पळतंय."

"पळतंय?"

"वाऱ्यागत. मग वायर बदलली. आतला वीज पुरवणारा डबा बदलला. सगळं पुसून नव्यानं भरलं. खेळातलं माझं मांडलेलं तेवढं ठेवलं, बाकी सगळं नवं. आईनं लिंबू-मिरची बांधली."

"लिंबू-मिरची?"

वस्तादांनी वाकून बघितलं. डब्याच्या मागच्या जाळीला खरंच एक सुकलेलं लिंबू लोंबत होतं.

"नजर लागली म्हणून," अभिनंदन आवाज खाली आणून म्हणाला. "नवं कार्ड निवासनं हातात घेतलं आणि म्हणाला, लई भारी हाय की रं. तवापासनं हे असं. जळतोय त्यो माझ्यावर."

वस्तादांनी निवासकडं पाहिलं... मग अभिनंदनकडं.

"कोण जळतंय?"

"त्यो."

"बरं."

खाली गिरणी घरघरत होती. टेबलावरची बशी त्या घरघरीनं बारीक थरथरत होती.

"गाडी तर विकलीस. मग आज आलास कसा, एवढं धूड घेऊन?"

अभिनंदनची मान खाली गेली. "निवासनं आणलं. त्याच्या स्कूटरवरनं."

"आणि जिना?"

"त्यो म्हणाला, दे मी उचलतो. म्या हात लावू दिला न्हाई. मग त्यो फुडं येऊन बसला, म्या टेकत टेकत आलो."

"नजर लागंल म्हणून."

"व्हय..."

वस्ताद हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं अभिनंदनला वाटून गेलं.

"वस्ताद, एक विचारू? कार्ड चाललं, तर खुर्ची माझी ना?"

वस्तादांनी रिकाम्या टेबलाकडं बोट केलं. "जोड तिथं. खेळ."

अभिनंदननं तारा जोडल्या. खुर्ची ओढली, तिच्या बुडाखालची दांडी दाबली आणि तिला खाली, पार खाली नेलं. मग बसला. ताडमाड गडी तो. गुडघे थेट टेबलाच्या फळीला जाऊन भिडले. तसाच अवघडून त्यानं कीबोर्ड पुढ्यात घेतला आणि डावीकडं तिरका केला.

वस्ताद बघत होते.

खेळ सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आला. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर सरकतात, त्याचा तो आकडा. जितका मोठा, तितका खेळ सफाईदार.

"साठ," अभिनंदन म्हणाला. "बघा. कायबी करा, साठ. जंगलात साठ, मैदानात साठ, धूर झाला तरी साठ. मुडदा पडलाय नुसता."

"कमी हुतो का?"

"न्हाई."

"जास्त?"

"एकानंबी न्हाई."

वस्ताद उठले. डब्याच्या मागं गेले, लिंबू बाजूला सारलं आणि जाळीसमोर तळहात धरला. बराच वेळ धरला.

"हितं हात लाव."

अभिनंदननं खेळ सोडला आणि हात लावला.

"कसं हाय?"

"गार."

"तालमीतला गडी जोर मारून उठला आणि अंगाला घामच न्हाई. काय समजायचं?"

"आळशी हाय."

"आणि दुसऱ्याच्या मातीत ह्योच गडी वाऱ्यागत पळतोय. मग?"

अभिनंदन विचार करू लागला. कार्डात खोट नाही, हे त्याला दुकानातच कळलं होतं. पटलं नव्हतं एवढंच. खोट कार्डात असती तर दुकानदाराला शिव्या देता आल्या असत्या. नजर लागली असती तर निवासला.

"मग... त्याला कुणीतरी थांब म्हणलं असंल," तो म्हणाला.

"कुणी?"

अभिनंदननं खेळातली मांडणीची पाटी उघडली. चित्र किती मोठं, किती ठळक, सावल्या किती, सगळं तिथं ठरवायचं असतं. तो एकेक ओळ खाली येत गेला. एका ओळीवर त्याचं बोट थबकलं.

वेगाची मर्यादा. साठ.

"वाच की मोठ्यानं."

"साठ..."

"कुणी घातली?"

गिरणी बंद झाली होती.

"म्या."

"का रं?"

अभिनंदनचे कान तापले. "निवासची हाय तशी घातली. त्याच्या पाठीमागं उभं राहून बघायचो. चित्र बारीक ठेवलंय, म्या बारीक ठेवलं. सावल्या काढल्यात, म्या काढल्या. साठ केलंय... म्हणलं, ह्यातच असंल त्याची विद्या. दुसरं काय हाय त्याच्यापाशी?"

"त्याला विचारलं न्हाईस?"

"त्याला? मी?"

"निवास!" वस्तादांनी हाक मारली.

निवासनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. नजर पडद्यावरच.

"साठ का रं ठेवलंयस?"

"म्हाताऱ्याला धाप लागती, वस्ताद," निवास म्हणाला. म्हातारा म्हणजे त्याचं ते जुनं कार्ड. "साठाच्या वर गेला की तापतोय. तापला की बंद पडतोय. चित्रबी बारीक ठेवलंय. सोसंल तेवढंच द्यायचं त्याला." आणि अभिनंदनकडं बघून तो मनापासून म्हणाला, "तुझ्याला काय रं! तू सोड की मोकळं!"

हेडफोन परत कानावर गेला.

अभिनंदन बसून राहिला. विद्या म्हणून जे इतक्या जपून, चोरून आणलं होतं, ते एका म्हाताऱ्या कार्डाचं पथ्य निघालं. दुसऱ्याच्या आजाराची पेज त्यानं धडधाकट पैलवानाला पाजली होती आणि वर पैलवानालाच मुडदा म्हणत होता. त्याला हसू आलं पाहिजे होतं. रडू येत होतं.

त्यानं मर्यादा काढली. चित्र मोठं केलं, सावल्या परत घातल्या.

डब्यातले पंखे घुमायला लागले. कोपऱ्यातला आकडा हलला, सत्तर, नव्वद, मग शंभराच्याही पुढं. धुरकट रान एकदम स्वच्छ झालं. गवताचं पातं न् पातं दिसू लागलं. मागच्या जाळीतून गरम वारा आला आणि सुकलेलं लिंबू डुलायला लागलं.

"वस्ताद! पळतंय!"

आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदातही त्यानं पहिली नजर टाकली ती निवासच्या पडद्यावर. तिथं साठ होतं. बघून त्याला आणखी बरं वाटलं, आणि हेही वस्तादांनी पाहिलं.

"खेळ," ते म्हणाले.

अभिनंदन खेळला. जीव तोडून खेळला. कधी नव्हे ते समोरचे त्याला आधीच दिसत होते. बंदूक कशी अलगद फिरत होती. शेवटचा एकच गडी उरला, भिंतीआड. अभिनंदन एकदम त्याच्याकडं वळला. त्या झटक्यात त्याचा गुडघा फळीवर आपटला, टेबल हादरलं, तिरका कीबोर्ड आणखी तिरका झाला आणि भलतंच बटण दाबलं गेलं.

पडद्यावर तो मरून पडला होता.

"आईशप्पत!" तो कळवळला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून बसला.

"लागलं?"

"सवय झालीया."

"सवय झालीया," वस्तादांनी त्याचेच शब्द हळूच म्हणून बघितले.

पण अभिनंदनचं लक्ष गुडघ्यावर नव्हतं. अजून कोपऱ्यातल्या त्या मोठ्या आकड्यावर होतं, आणि त्याच्या पलीकडं, खिडकीजवळ. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. एवढे दिवस मनात धरलेलं आता बोलून टाकायचं त्यानं ठरवलं.

"वस्ताद, आता तुम्हीच बघितलंसा. कार्ड माझं भारी. माझं समदं त्याच्यापरास भारी हाय. आता तरी रविवारी..." तो थांबला, मग निवासकडं बोट करून म्हणाला, "त्या खुर्चीतनं उठवा की निवासला."

खाली गिरणीत कुणीतरी नवं दळण ओतलं. पुन्हा घरघर सुरू झाली.

वस्ताद जवळ आले. अभिनंदनचा तिरका कीबोर्ड त्यांनी दोन बोटांनी सरळ केला. फळीला भिडलेल्या त्या लांबलचक गुडघ्यांकडं पाहिलं आणि अभिनंदन बसला होता त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आधी हितनं उठव त्याला."