गगनमल्लाची मिशी

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. तर एक राज्य होतं आणि त्या राज्यात गगनमल्ल नावाचा एक वीर होता. दचकू नका, तो लाकडाचा होता. दोऱ्यांवर नाचणारा कळसूत्री बाहुला! पण लोकांचा त्याच्यावर असा जीव, की एक वेळ राजाचं नाव विसरतील, गगनमल्लाचं विसरायचे नाहीत.

ज्या म्हाताऱ्या कारागिराने त्याला घडवलं आणि त्याचे पहिले खेळ रचले, तो केव्हाच देवाघरी गेला होता. तेव्हापासून गगनमल्ल राजवाड्यातल्या शिसवी पेटीत राहायचा. जत्रा जवळ आली, की खेळ रचणाऱ्याने नवा खेळ आधी मोहरदाराला, म्हणजे मोहोर आणि पेटीची किल्ली सांभाळणाऱ्याला, सांगायचा. मोहरदाराने मान डोलावली, की बाहुल्याच्या तळपायावर लाखेची मोहोर उठायची, आणि मगच तो पेटीबाहेर यायचा. खेळ संपला की जसा नेला तसा परत! मोहरदार त्याच्या मिशीवरून फणी फिरवायचा, आणि एक जरी केस वाकडा दिसला तर त्या दिवशी जेवायचा नाही.

आता हा मोहरदार दुष्ट होता का? छे हो! लहानपणी तो त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून खेळ बघायचा. "माझ्या गगनमल्लाला सांभाळ रे," असं म्हातारा जाताना त्याला म्हणाला होता. बिचारा सांभाळत होता. जरा जास्तच सांभाळत होता, इतकंच.

झालं काय, खेळ वर्षागणिक बेचव होत गेले. लोक अर्ध्यातून उठून जिलेबीच्या दुकानाकडे जाऊ लागले. शेवटी राजा वैतागला. म्हणाला, "यंदाही लोक उठून गेले, तर बाहुल्यांचा मांडव कायमचा मोडा. तिथे कोंबड्यांच्या झुंजी लावा."

हे साळूबाईच्या कानावर गेलं. साळूबाई म्हणजे खेळ रचणारी आणि दोऱ्या ओढणारी. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नव्हतं. गगनमल्लापायी तिने लहानपणी आईचा मार खाल्ला होता, पण खेळ चुकवला नव्हता. मांडव मोडला तर ती जाणार कुठे?

तिने जीव ओतून नवा खेळ रचला आणि मोहरदाराला सांगायला गेली.

"गगनमल्ल रानात वाट चुकतो," तिने सुरुवात केली.

"गगनमल्ल वाट चुकत नाही," मोहरदार म्हणाला.

"बरं, राहिलं. त्याला भूक लागते."

"शिव शिव! वीराला भूक?"

"मग राक्षस त्याला खाली पाडतो."

"मिशीला माती लागेल."

"अहो, पण पडून उठतो ना तो! लोक टाळ्या वाजवतात त्या उठण्याला!"

"मग न पडता उठू दे."

साळूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "निदान शेवटी तरी, राक्षसाला माफ करताना त्याला रडू येतं..."

"रडू? बाई, म्हाताऱ्याने त्याला रडायला घडवलेलं नाही. सुरुवातीला जसा असतो, शेवटी अगदी तसाच राहिला पाहिजे तो."

"पण तो रडला तर काय होईल, मोहरदार?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मोहरदाराने चढवला. "चालणार नाही म्हणजे चालणार नाही!"

मग खेळात उरलं काय? गगनमल्ल चौरंगावर उभा राहून मिशीला पीळ देणार. पण थांबा, पीळ दिला तर केस वाकडा होईल! म्हणून मग नुसताच उभा राहणार.

साळूबाई घरी येऊन ढसाढसा रडली. रडून झाल्यावर डोळे पुसायला तिने हाताला लागलं ते गोणपाट उचललं, आणि ते बघता बघता तिला काहीतरी सुचलं. तिने त्यात भुसा भरला, चार पाय शिवले, दोन कान लावले. एक कान जरा जास्तच लांब झाला. त्या गाढवाचं नाव तिने गबाळ्या ठेवलं.

ती पुन्हा मोहरदाराकडे गेली. "वीराशेजारी एक गाढव ठेवलं तर चालेल?"

"मिशीला तोंड लावणार नाही ना?"

"नाही लावणार."

"मग गाढवाचं काय वाट्टेल ते करा," मोहरदार म्हणाला, आणि मोहोर उठली.

जत्रेच्या दिवशी पडदा सरकला. गगनमल्ल चौरंगावर ताठ उभा होता. गबाळ्या मात्र वाट चुकला. भूक लागली म्हणून त्याने वीराच्या पायाशी ठेवलेला हार खाऊन टाकला. राक्षस आला तेव्हा तो चौरंगाखाली लपला, पण लांब कान बाहेरच राहिला! राक्षसाने कान धरून ओढलं, चिखलात लोळवलं. गबाळ्या पडला, उठला, पुन्हा पडला, आणि शेवटी लंगडत लंगडत राक्षसापुढे उभा राहून असा काही रेकला, की राक्षसाची पाचावर धारण बसली. लोक हसता हसता रडू लागले. जिलेबीवाला कढई सोडून बघायला आला, जिलेब्या करपल्या, आणि राजाने मांडव न मोडण्याचा हुकूम तिथेच सोडला.

पोरं "गबाळ्या! गबाळ्या!" म्हणून नाचत घरी गेली. गगनमल्लाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्याला परत करताना साळूबाईला फार वाईट वाटलं. मोहरदाराने फणी फिरवली. एकही केस वाकडा नव्हता.

त्यानंतर पेटी मागायला कुणी आलंच नाही. जत्रा आली की गबाळ्या, पुढच्या जत्रेलाही गबाळ्याच. मोहरदार किल्ली हातात घेऊन पेटीशी बसायचा आणि दाराकडे बघत राहायचा.

असं होता होता एका सकाळी तो साळूबाईच्या ओसरीवर येऊन उभा राहिला.

"बाई, मी एक खेळ रचलाय."

"तुम्ही?"

"रिकामं बसून बसून सुचला. हसू नका. गबाळ्याचा आहे. गबाळ्या नदीत उडी मारतो..."

"मुळीच नाही!" साळूबाई कडाडली. "माझा गबाळ्या पाण्याला भितो! भुसा कुजेल त्याचा! आणि तो कान किती जपलाय मी, ठाऊक आहे?"

मोहरदार हळूच म्हणाला, "पण तो भिजला तर काय होईल, साळूबाई?"

साळूबाईने आवाज चढवायला श्वास घेतला आणि ती तशीच थांबली. मग पदर तोंडाला लावून खुदकन हसली. "बरं, उडी कशाला मारतो तो?"

"कुणीतरी बुडत असतं."

"कोण?"

मोहरदाराने किल्ली तिच्यापुढे ठेवली. "गगनमल्ल. त्याला पोहता येत नाही. मी त्याला कधी पेटीबाहेर पडू दिलं तर येणार ना!"

त्या वर्षी मांडवात पाण्याने भरलेली मोठी काहील ठेवली होती. गगनमल्ल धपकन पडला, गबाळ्याने डोळे मिटून उडी घेतली. दोघे बाहेर आले तेव्हा वीराचा रंग गालावरून ओघळत होता, आणि त्याची ती जगप्रसिद्ध मिशी गबाळ्याच्या नाकाला चिकटली होती! लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. सगळ्यांत पुढे बसून सगळ्यांत मोठ्याने रडत होता तो मोहरदार. घरी जाताना पोरं भांडत होती, "मी गगनमल्ल! नाही, मीच गगनमल्ल!"

आणि ती शिसवी पेटी? तिच्यात आता जिलेबीवाला साखर ठेवतो.

तात्पर्य: पेटीत जपलं तर नुसतं लाकूड टिकतं, गोष्ट जगवायची असेल तर ती दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते.