अंगणातली पुनर्नवा

“उन्हाळ्यात ती कुठे असते?” नारोपंत वैद्यांनी विचारलं.

“मातीत,” श्रीनिवास म्हणाला. “वरचं सगळं वाळून जातं, मूळ तेवढं जिवंत राहतं. पाणी मिळालं की पुन्हा फुटतं. म्हणून तर तिला पुनर्नवा म्हणतात, गुरुजी. स्वतः नवी होते, माणसालाही नवं करते.”

गुरुजींच्या बोटांत अंगणातून उपटलेलं तण होतं. गोल पानं, तांबूस दांडा, मोहरीएवढी गुलाबी फुलं. गावात त्याला घेटुळी म्हणत, आणि कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नसे.

“कशावर देशील?”

“सुजेवर. मुळाचा काढा करून.” श्रीनिवासने मात्रा सांगितली, पथ्य सांगितलं, एक श्लोकही म्हटला. कुठे अडला नाही.

“बरोबर,” गुरुजी म्हणाले.

पाच वर्षं तो त्यांच्याकडे शिकत होता. आता आपल्या गावी दवाखाना उघडायचा होता. गुरुजींनी ‘जा’ म्हणायचं तेवढं बाकी होतं. ते म्हणत नव्हते...

तेवढ्यात कुंभारवाड्यातली तानूबाई फाटकातून आत आली. पावलं इतकी सुजली होती, की वहाणा तिने हातात धरल्या होत्या.

“तूच बघ हिला,” गुरुजी म्हणाले.

श्रीनिवासने तिचा घोटा अंगठ्याने दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. त्याने नाडी बघितली, जीभ बघितली.

“जेवण?”

“जात नाही.”

“झोप?”

तिने नुसती मान हलवली.

“कधीपासून?”

“आखाडापासून.”

श्रीनिवासचा चेहरा उजळला. त्याने गुरुजींच्या हातातलं ते तण घेऊन तिच्यापुढे धरलं. “ही घ्या. हिचा काढा दोन वेळा. महिन्याभरात अगदी नव्या व्हाल, बाई!”

तानूबाई त्या पानांकडे बघत राहिली.

“आखाडात माझी लेक गेली,” ती म्हणाली. “तिची आई होते, ती मी जुनीच बरी. मला नवं नाही व्हायचं, दादा.”

ती उठली आणि फाटकाकडे निघाली.

श्रीनिवासने गुरुजींकडे पाहिलं.

सत्तरी उलटलेले नारोपंत लगबगीने उठले. फाटकाशी त्यांनी तिला गाठलं, तिच्या हातातल्या वहाणा काढून घेतल्या आणि आपल्या पायरीशी नीट जोडून ठेवल्या.

तानूबाई मागे आली आणि तिथेच पायरीवर बसली. पदर तोंडाला लावून, बऱ्याच दिवसांनी, मोठ्याने रडली. गुरुजी शेजारी बसून राहिले.

श्रीनिवास आत गेला. मुळं ठेचली, काढा उकळला, गाळला. वाटी घेऊन तो बाहेर आला तेव्हा तिचं रडणं थांबलं होतं.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “सुरुवातीला किती देऊ?”

“वाटी खाली ठेव,” गुरुजी म्हणाले. “आधी विचार, लेकीचं नाव काय होतं.”