आडवा घातलेला वेळू

पूर्वी तगर नगरात सोमवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेळूवरच्या कसरतींचे खेळ करणाऱ्या एका तांड्यात जन्माला आला. त्याचे नाव वेणुक. तांडा गावोगाव फिरे. बाजाराच्या दिवशी मैदानात ढोल वाजू लागला की वेणुक एक उंच वेळू खांद्यावर उभा तोलून धरी. त्या वेळूवर एक मुलगी चढून जाई, टोकावर पोट टेकवून हातपाय पसरी आणि गरगर फिरे. खाली माणसे माना वर करून पाहत राहत. मुलीचे नाव कुंदी. ती वेणुकाची बायको सामा हिची मुलगी. पण वेणुकाच्या रक्ताची नव्हे.

कुंदीचा जन्मदाता पिंगल. कुंदी अंगावर पीत असताना तो व्यापाऱ्यांच्या गाड्यांबरोबर निघून गेला. त्याला कोणी पळवून नेले नव्हते, की तो कुठल्या संकटातही नव्हता. त्याला तांड्याचा कंटाळा आला होता, इतकेच. पुढे पंचांनी सामाला मोकळे केले आणि तिने वेणुकाशी घर मांडले. तेव्हा तांड्यातल्या बायका वेणुकाला म्हणाल्या, "दुसऱ्याचं ओझं घेतलंस की रे डोक्यावर." या बायका कुंदीलाही स्वस्थ बसू देत नसत. ती चार शब्द बोलू लागली तोच त्यांनी तिला सांगून टाकले की हा तुझा खरा बा नाही. लेकराला असे सांगून कोणाचे काय भले झाले, ते त्यांनाच ठाऊक.

त्यानंतर बरेच दिवस कुंदी वेणुकाच्या हातचे खाईना. वेणुकाने तिला दटावले नाही, की "मला बा म्हण" अशी गळही घातली नाही. तो तिच्यासमोर भाकरी ठेवी आणि पाठ करून बसे. ती खाऊन उठली की मगच तो वळे.

मग कुंदीला मोठा ताप आला. ताप गेला, पण डावा पाय लुळा करून गेला. म्होरक्या दंतिल म्हणाला, "आता ही खेळाच्या उपयोगाची नाही. भांडी घासेल." वेणुक तिला रोज नदीवर नेई, ओल्या वाळूत उभी करी आणि चालवी. ती रडे, त्याला बोचकारी, एकदा त्याच्या दंडाला कडकडून चावलीसुद्धा. पाय हळूहळू वळणावर आला. मग त्याने तिला आपल्या उंचीच्या वेळूवर चढवले, मग थोड्या मोठ्या, मग आणखी मोठ्या. डावा पाय उचलण्याआधी ती उजवी टाच दाबते आणि श्वास धरते, हे त्याच्या खांद्याला कळू लागले. टाच दाबली की तो अर्धे पाऊल डावीकडे सरके. पाहणाऱ्याला वाटे, मुलगी किती सहज चढते. त्या नदीवरच कधीतरी तिने त्याला "बा" अशी हाक मारली. त्या दिवशी घरी येताना तो वाट चुकला.

असे चालले असता तगरच्या राजाने वसंतोत्सवात या तांड्याला खेळासाठी बोलावले. खेळ आवडला तर मुलीच्या बापाला राजमेढी करायचे, म्हणजे राजाकडून कायमचे घर आणि मान द्यायचा, असे जाहीर झाले. वेळू धरणाऱ्याला त्या लोकांत मेढी म्हणत.

ही वार्ता पिंगलला कुठे आणि कशी कळली कोण जाणे, पण कळली. मुलगी तापाने फणफणत होती तेव्हा तिची वार्ता त्याला कधी कळली नव्हती. तो नवे उपरणे पांघरून तांड्यात आला आणि दंतिलच्या पाया पडला.

आता त्या तांड्याची एक रीत होती. एरवी बाजारात वेळू कोणीही धरावा. पण राजासमोर पोर चढायचे असेल, तर वेळूच्या बुडाला बापाच्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावायचा आणि वेळू बापानेच धरायचा. वेळू रक्त ओळखतो आणि परक्याच्या खांद्यावरून पोराला फेकून देतो, असे ते लोक मानत. लाकडाला इतकी अक्कल आणि माणसाला काहीच नाही!

पंच झाडाखाली बसले. दंतिल म्हणाला, "वेळू पिंगल धरेल. यात बोलण्यासारखं काही नाही."

सामा उठून उभी राहिली. "दादा, हा माणूस तिला रस्त्यात भेटला असता तर ओळखता आली असती का त्याला? त्याने तिचं एक तरी दुखणं काढलंय?"

"दुखणं कोणी काढलं हा प्रश्न नाही," दंतिल म्हणाला. "बाप कोण हा प्रश्न आहे."

"मग त्याचंच उत्तर दिलं मी."

"बायकांनी पंचांना शिकवू नये. दुधाची भांडी कितीही बदलली तरी गाय एकच असते."

हे ऐकून बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या. कशाचा कशाशी संबंध, हे कोणी विचारले नाही. मोठ्या माणसाने ठसक्यात काही म्हटले की माना डोलतात.

वेणुकाच्या डोळ्यांसमोर मान नव्हता, घर नव्हते, वेळूच्या टोकावरची कुंदी होती. तो हात जोडून म्हणाला, "मान पिंगलला द्या. टिळा त्याच्याच रक्ताचा लावा. बाप म्हणून त्याचंच नाव पुकारा. घर मिळेल तेही त्यालाच मिळू दे, मी शब्दानं मागणार नाही. फक्त पोर वर असेपर्यंत वेळू माझ्या खांद्यावर राहू द्या."

"रक्त एकाचं आणि खांदा दुसऱ्याचा? असला भ्रष्टाकार या तांड्यात झालेला नाही," दंतिल गरजला.

म्हणजे बघा. सगळे देऊन टाकून फक्त ओझे मागणाऱ्या माणसाला यांना ते ओझेही द्यायचे नव्हते, कारण ओझे उचलण्याचाही त्याला हक्क नाही म्हणे.

मग वेणुकाने पिंगलला बाजूला नेले आणि सगळे सांगितले. डावा पाय, उजवी टाच, अर्धे पाऊल. "माझ्याशी वैर असू दे," तो म्हणाला, "पण उत्सवापर्यंत रोज तिला घेऊन सराव कर. आधी लहान वेळूवर."

पिंगल हसला. "लहानपणापासून वेळू धरलेत मी. आणि माझंच रक्त आहे ते वर. आपोआप तोललं जाईल." त्याने एक दिवसही सराव केला नाही. नगरात जाऊन राजमेढीचे घर कोणत्या आळीत मिळेल याची चौकशी मात्र केली.

उत्सवाचा दिवस उजाडला. मैदान माणसांनी भरले. राजा उंच ओट्यावर बसला. पिंगलने अंगठ्याला टोचून वेळूच्या बुडाला टिळा लावला, वेळू खांद्यावर उभा केला आणि ओट्याकडे बघून हसला. मेढीने वर बघायचे असते. तो खाली उभ्या लोकांकडे बघत होता. कुंदीने वेळूला हात घातला. तिने एकदाच मागे वळून पाहिले, आणि मग उजवा पाय वर ठेवला.

वेणुक गर्दीतून पुढे आला. त्याने कुंदीला उचलून बाजूला उभे केले, पिंगलच्या खांद्यावरचा वेळू दोन्ही हातांनी काढून घेतला आणि जमिनीवर आडवा घातला.

ढोल थांबला. तांड्यातल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. कारण त्या लोकांत खेळाआधी वेळू आडवा घालणे याहून मोठा अपशकुन नव्हता. ज्याने तो घातला त्याने जन्मात पुन्हा वेळूला हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत होती. वेणुकाला दुसरे काही येत नव्हते. वेळू धरणे हेच त्याचे पोट आणि हाच त्याचा आनंद.

राजा म्हणाला, "हे काय केलंस? आणि तू कोण?"

"मी हिच्या आईचा नवरा, महाराज."

"मग खेळ का मोडलास?"

"ही पडली असती."

दंतिल धावत आला. "महाराज, हा मत्सराने पेटलाय. मान हुकला म्हणून याने तांड्याचं नाक कापलं. वेळूला बापाचं रक्त लागलंय, तो कसा पडेल?"

राजाने मुलीला शेजारी बोलावले, तिच्या भाराइतके वाळूचे पोते भरायला सांगितले आणि म्हणाला, "हे टोकाला बांधा. रक्त धरतं ना? मग हा उभा राहू दे आणि चार पावलं चालून दाखवू दे."

पोते बांधले. पिंगलने वेळू खांद्यावर घेतला. दोन पावले ठीक गेली. तिसऱ्याला लोकांनी आरोळी दिली, त्याची नजर तिकडे वळली, आणि वेळू कलला. पोते वरून आले आणि टणक जमिनीवर आपटून फुटले. वाळू दंतिलच्या पायांवर उडाली.

इतके पाहिल्यावर तरी माणसाने गप्प बसावे. पण दंतिल पायांवरची वाळू झटकत म्हणाला, "पोतं होतं म्हणून पडलं, महाराज. मुलगी असती तर रक्तानं धरलं असतं. हवं तर या वेणुकाला धरायला सांगा. त्याचंही पडेल."

राजाने वेणुकाकडे पाहिले.

वेणुक म्हणाला, "खरं आहे. माझ्याकडूनही पोतं पडलं असतं कदाचित. पोतं टाच दाबत नाही, श्वास धरत नाही. मी ओझं तोलायला शिकलोच नाही, महाराज. हिला तोलायला शिकलो. आणि आता तेही नाही. मी वेळू आडवा घातलाय."

राजा म्हणाला, "मी ती रीत मोडतो. तू वेळू उचल, मुलीला चढव. खेळ झाला की राजमेढीचं घर तुझं."

सगळे मैदान वेणुकाकडे बघू लागले. त्याने कुंदीकडे पाहिले. ती फुटलेल्या पोत्याकडे बघत होती.

"आज नको, महाराज," तो म्हणाला. "आज ती घाबरली आहे. घाबरलेल्या पोराला मी घरासाठी वर चढवणार नाही."

"उद्या घर नसेल."

"नसू दे."

राजाने सुस्कारा सोडला आणि मुलीला विचारले, "निदान पुकारणाऱ्याला सांगायला हवं. तू कोणाची मुलगी, बाळ?"

पिंगल पुढे झाला, दंतिलने घसा खाकरला. कुंदीने दोघांकडेही पाहिले नाही.

ती म्हणाली, "सगळे मला चढ म्हणत होते. ज्यानं चढू दिलं नाही, त्याची."

तांडा दुसऱ्या दिवशी त्या तिघांना मागे टाकून निघून गेला. पिंगल तांड्याबरोबरही गेला नाही. जिथून आला होता तिकडे गेला. वेणुक तगरमध्ये राहिला आणि वेळू चिरून टोपल्या विणू लागला. लोक त्याला शेवटपर्यंत कुंदीचा सावत्र बाप म्हणत राहिले. लोकांची जीभ कोण धरणार?

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहाराच्या सभागृहात भिक्षूंना सांगितली. त्याच दिवशी सकाळी एक तरुणी प्रव्रज्या घेऊन भिक्षुणी होण्यासाठी आली होती. आईबापाची अनुमती लागते आणि तिची आई वारलेली, म्हणून तिला वाढवणारा सावत्र बाप बरोबर आला होता. भिक्षूंनी त्याला दाराबाहेर थांबवले आणि म्हटले, "तुझी अनुमती चालत नाही. खऱ्या बापाला आण." खरा बाप शेजारच्याच गावी दुसरा संसार करीत होता. निरोप गेला तेव्हा त्याने विचारले, अनुमती दिली तर मला काय मिळेल?

शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा पिंगल म्हणजे आज काय मिळेल असे विचारणारा तो गृहस्थ. सामा म्हणजे या मुलीची वारलेली आई. कुंदी ही मुलगी. रागावण्याआधी पोते बांधून पाहणारा राजा सोमवर्मा, तो आज दाराबाहेर उन्हात बसलेला आहे. वेणुक मीच होतो. आणि ते माना डोलावणारे पंच कोण होते, हे तुम्हाला सांगायला नको. ते इथेच बसले आहेत."

कोणी वर पाहिले नाही.

"स्वतःचे नाव, घर आणि हुन्नर सोडून दुसऱ्याच्या लेकराला जमिनीवर सुखरूप उभे ठेवले, ती मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता," शास्ता म्हणाला. "आता कोणीतरी उठा आणि त्या मुलीच्या बापाला आत बोलवा."