बारावी बाजारची

सांगा बरं मंडळी, दिवस मावळताना खुराड्याचं दार लावायचं, तर भरवसा कुणावर ठेवाल? उंच भिंतीवर, भालेवाल्या पहारेकऱ्यावर, की स्वतःच्या डोळ्यांवर? उत्तराची घाई करू नका. मी एकदा कुंभाराच्या शब्दावर शंभर मडकी न वाजवता घेतली आणि त्यांतली तीस गळकी निघाली. तेव्हापासून मी आधी ऐकतो, मग बोलतो. तुम्हीही ऐका.

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा राज्य करी. त्याला एकुलती लेक, केतकी. तिच्या अकरा पांढऱ्या कोंबड्या राजवाड्याच्या परसात चरत. परसाच्या भिंतीपलीकडे करडोबा नावाचा जादूगार राही, आणि त्याच्या दारात तीन कुत्री असत.

एके दिवशी त्यांतली एक तांबडी कुत्री भिंतीखालून परसात शिरली. केतकीनं चुलीवरचं आधण उचललं आणि तिच्या पाठीवर ओतलं. कुत्री विव्हळत घरी गेली. तिची सोललेली पाठ पाहून करडोबा परसात आला आणि शांतपणे म्हणाला, "कोंबड्यांसाठी आधण ओतलंस, तर कोंबडी होऊन राहा. माझ्या घरचं कुत्रं तुझ्यासाठी उभं राहील, त्या दिवशी माणूस होशील."

अकरा कोंबड्या होत्या, त्या बारा झाल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. केतकी कोणती, हे केतकीलाही सांगता येईना.

राजानं कुत्र्यांवर शिपाई सोडले. एक कुत्रं मारलं की दुसऱ्या दिवशी दोन येत. तिनाची बारा झाली तेव्हा राजानं भाले खाली ठेवायला सांगितले. मग भिंत चढवली, तीन पुरुष उंच. पहाऱ्यावर हिराजी नावाचा शिपाई बसवला. तो रोज सांजेला दरबारात येई आणि सांगे, "बारा, महाराज." ते ऐकल्याशिवाय राजा जेवत नसे.

शाप मागं घे, अशी विनवणी करायला राजानं करडोबाकडे एकामागून एक तीन वकील धाडले. करडोबाच्या उंबरठ्यावर खोटा शब्द पडला, तर बोलणाऱ्याचा दगड होई. करडोबा प्रत्येकाला एकच विचारी, "कोंबड्या किती?" प्रत्येक जण म्हणे, "बारा." तिथं आता तीन दगड बसले होते. त्यांतल्या एकाला प्रधानजींसारखी मिशी होती.

तेव्हा राजानं कोंबड्या राखायला चांगुणेला बोलावलं. चांगुणा डोंगराकडच्या वाडीतली, केस पिकलेली, कोंबड्यांत जन्म गेलेली बाई. परसात येऊन ती भिंतीकडे बघत बसली. भिंतीवर एक टिटवी उतरली. त्या राज्यात पुष्कळ पक्ष्यांना माणसाची भाषा येई, पण सांगण्याजोगं काही असेल तरच ते बोलत.

टिटवी म्हणाली, "मी जमिनीवर अंडी घालते आणि कुत्र्यांच्या गावात पिल्लं वाढवते. मला विचार."

"सांग बाई," चांगुणा म्हणाली.

"तीन कामं आहेत. पहिलं, कुत्रा कुठून येतो ते बघ. दुसरं, त्याला कोण बोलावतं ते बघ. तिसरं, डोळे न उघडलेलं पिल्लू करडोबाकडून माग आणि कोंबडीखाली ठेव. मागून आण, चोरून नको."

चांगुणा भिंतीच्या बुडाशी वाकली. भिंत आभाळाला लागली होती, आणि तिच्याखाली ताजी उकरलेली माती होती.

"हिराजीदादा, तुमचा भाला वर बघतो. कुत्रा काय उडत येतो?"

"भिंत चढवायचा हुकूम होता, मावशी."

"उकरणाऱ्याला हुकूम कळत नाही." तिनं भिंतीच्या बाहेरून, बुडालगत हातभर रुंदीच्या फरश्या आडव्या पुरल्या आणि वर बाभळीच्या काट्या दाबल्या. कुत्री आली, नखं दगडाला लागली, परत गेली. पहिलं काम झालं.

पण कुत्री दुपारी पुन्हा आली आणि दाराशी जीभ काढून बसली. चांगुणेनं वास घेतला आणि वासामागून चालत मुदपाकखान्याच्या मागल्या खिडकीशी पोचली. आचारी नुकतीच कोंबडीची आतडी आणि पिसं भिंतीबाहेर फेकत होता.

"हे रोज टाकता?"

"माझ्या आज्यापासून टाकतोय. महाराजांच्या ताटाला रोज रस्सा लागतो. घाण वाड्यात कशी ठेवायची?"

चांगुणा थेट दरबारात गेली. राजाचं दुपारचं ताट नुकतंच मांडलं होतं. "महाराज, कुत्र्यांना कोंबडीची चव आपल्याच घरानं लावली. रोज पंगत मांडायची आणि पाहुणा आला की भाला उगारायचा, हे कसं?"

राजानं आपल्या ताटाकडे पाहिलं. त्या दिवसापासून आतडी आणि पिसं कमरेइतक्या खड्ड्यात गेली, वर राख आणि दगड. आठ दिवसांत कुत्र्यांनी दारात बसणं सोडलं. दुसरं काम झालं.

तिसऱ्या कामाला निघण्याआधी चांगुणा खुराड्याशी बसली. तीन माणसं "बारा" म्हणाली आणि तिघांचे दगड झाले. मग बारात काही खोट असली पाहिजे. आम्ही बाजारातली माणसं कोंबडी घेताना पिसं बघत नाही, पाय बघतो. चांगुणेनंही पाय बघितले. अकरा कोंबड्यांचे पाय साफ होते. एकीच्या पायाला सुतळीचा वळ होता. सुतळी बांधून कोंबडी बाजारात नेतात. राजवाड्यातल्या कोंबडीला सुतळी ठाऊक नसते.

"हिराजीदादा, ही कुठली?"

हिराजीच्या हातातला भाला खाली टेकला. "वकील जायच्या आधीची गोष्ट. एक कुत्र्यानं नेली. महाराज जेवायचे थांबले असते. मी बाजारातून तशीच पांढरी आणली. आकडा तर जुळला ना, मावशी?"

"तुझ्या आकड्यापायी तीन माणसं दगड झाली. महाराजांना सांग."

"तूच सांग."

"मी नेली नाही, मी आणली नाही. तूच सांगायचंस."

हिराजीनं दरबारात सगळं सांगितलं. राजा सिंहासनावरून उठला आणि पुन्हा बसला. "नेलेली माझी केतकी असेल तर?"

"असेल, महाराज. नसेलही," चांगुणा म्हणाली. "पण मोजणी खोटी ठेवून ती परत यायची नाही. करडोबाच्या दारात मला खरंच बोलावं लागेल. परवानगी द्या."

राजा म्हणाला, "खरं ते सांग."

चांगुणा त्या उंबरठ्यावर उभी राहिली. करडोबा म्हणाला, "कोंबड्या किती?"

"अकरा राजवाड्यातल्या. बारावी बाजारची."

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. पाय मांसाचेच होते.

करडोबानं तिला आत घेतलं. पाठीवर केस नसलेली तांबडी कुत्री पोत्यावर पडली होती, पोटाशी चार पिल्लं होती.

"काय हवं?"

"एक पिल्लू. कोंबडीच्या पंखाखाली वाढवीन. शेळीचं दूध पाजीन. मारणार नाही."

"कोंबडी कुत्र्याला पंखाखाली घेईल?"

"खुडूक असेल तर घेईल. अंड्यावर बसायची ओढ लागलेली कोंबडी खाली काय आहे ते विचारत नाही, बाबा."

करडोबाला हसू आलं. त्यानं पिल्लू उचलून तिच्या ओच्यात घातलं.

चांगुणेनं पिल्लू एकेका कोंबडीजवळ ठेवून पाहिलं. बाजारच्या कोंबडीनं त्याला टोचलं, बाकीच्या दूर पळाल्या. एकच, कोपऱ्यात खुडूक बसलेली, पंख फुगवून उठली आणि पिल्लाला पोटाखाली घेऊन पुन्हा बसली. पिल्लाचे डोळे तिथंच उघडले. चांगुणा चिंधीनं दूध पाजी, ऊब ती कोंबडी देई. चार महिन्यांत पिल्लू इतकं वाढलं की त्याचं नुसतं तोंड पंखाखाली मावे. तरी ते तिथंच झोपे.

मग एका दुपारी पाणी घेऊन आलेल्या पखालवाल्यानं परसाचं दार उघडं टाकलं आणि बारा कुत्री आत शिरली. कोंबड्या चहूकडे उधळल्या. पिल्लाची ती कोंबडी तेव्हा पुन्हा खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, ती हलली नाही. सगळ्यांत पुढं तांबडी कुत्री होती. ती नेमकी त्या कोंबडीकडे निघाली, दात विचकून.

पिल्लू मध्ये उभं राहिलं. ते गुरगुरलं, आणि एक पाऊलही मागं सरलं नाही. कुत्रीनं त्याला हुंगलं. ते आपलंच आहे हे तिला कळलं. कोंबडीचा वास अंगाला येणारं हे आपलं पोर कुणाची राखण करतंय, हे बघत ती उभी राहिली. मग खाली बसली. तिच्यामागची अकराही बसली.

अंड्यांवरून राजकन्या केतकी उठली. केसांत गवत होतं, पायाशी पिल्लू. ती वाड्यात बापाकडे धावली नाही. कुत्रीजवळ गेली, तिच्या उघड्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हे आधण मी ओतलं होतं. हिला हळद-तूप लावा."

बारा कुत्र्यांची तीन झाली. पलीकडे तीन दगडांनी अंग झाडलं, आणि त्यांतल्या प्रधानजींनी सगळ्यांत आधी जेवण मागितलं. करडोबाचा शाप फिटला, आणि त्यानं पिल्लू केतकीकडेच राहू दिलं.

हिराजीची नोकरी गेली नाही, चांगुणेनं जाऊ दिली नाही. त्या सांजेला तो दरबारात आला. राजा ताटावर थांबला होता. हिराजी म्हणाला, "अकरा, महाराज. त्यांतली एक बाजारची."

राजानं पहिला घास घेतला.

मंडळी, तुमच्याही परसात चार पाखरं असतील आणि शेजाऱ्याच्या दारात कुत्रं असेल. भिंतीचं बूड बघा, आपल्या मागल्या खिडकीतून काय बाहेर पडतं ते बघा, शेजाऱ्याशी उंबरठ्यावर जाऊन बोला. आणि सांजेला मोजाल तेव्हा पाय बघून मोजा. गेली असेल तर गेली म्हणा. हिशेब खरा ठेवा, एवढंच तुमच्याकडे मागणं.