चाळीस दिवसांची मुद्रा

एका राज्यात सिंहासन होते, छत्र होते, चवऱ्या ढाळणारे सेवकही होते. नव्हता तो फक्त राजा. म्हातारा राजा निपुत्रिक वारला. नवा राजा सात परगण्यांनी मिळून निवडावा आणि तोवर कारभाऱ्याने राज्य हाकावे, असे ठरले. पण राजमुद्रेला एका मांत्रिकाचा शाप होता. कारभाऱ्याने ती चाळीस दिवस बाळगावी आणि चाळिसाव्या दिवशी सूर्य मावळण्याआधी आपल्या हाताने दुसऱ्याला द्यावी. न दिली, तर त्याचा दगड व्हावा.

पहिला कारभारी यशोवर्मा. माणूस भला, कामाचा वाघ. चाळिसाव्या दिवशी सूर्य मावळतानाही तो म्हणाला, "फक्त एवढं काम..." आणि वाक्य अर्धे असतानाच त्याचा दगड झाला. बोट वर करून तो दरबारात तसाच उभा राहिला.

मुद्रा आणि कारभार त्याच्या पत्नीकडे, मालावतीकडे आला. तेव्हा छतावरची साळुंकी बोलली, "कारभारीण, तीन कामे कर. वेशींच्या किल्ल्या परत आण. नदीच्या राक्षसाला वठणीवर आण. मुद्रा वेळेवर दे. तिन्ही झाली तर तुझा धनी बोलेल."

मालावतीला झोप कसली ती लागेना. वेशींच्या सात किल्ल्या सात सरदारांनी दाबून ठेवल्या होत्या. तिने फर्मान काढले, की ज्याच्याकडे किल्ली त्यानेच वेशीवर पहारा द्यावा, ऊन असो वा पाऊस. तिसऱ्या दिवशी सातही किल्ल्या दरबारात येऊन पडल्या. नदीचा राक्षस रोज बांध फोडी. तिने त्यालाच बांधाचा रखवालदार नेमला, पागोटे दिले, हुद्दा दिला. तेव्हापासून तो वाळूचा कणही हलू देईना.

चाळिसावा दिवस उजाडला. बांध भरला होता, पण त्याचे पाणी शेतांकडे नेणाऱ्या पाटाचे काम सात दिवसांचे उरले होते. मालावती दरबारात येरझाऱ्या घालत होती. सूर्य मावळतीला टेकला तेव्हा परगण्यांनी निवडलेला राजा आला. नाव धोंडदेव, धंदा होडी हाकण्याचा, धोतर गुडघ्यापर्यंत ओले.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "कोणता पाट? कोणता बांध? मला काहीच ठाऊक नाही."

मालावतीला वाटले, हा सगळे पाण्यात घालणार! सात दिवस, फक्त सात दिवस हवे होते. ती म्हणाली, "राजे, जरा थांबा. फक्त एवढं काम..."

तिच्या पायांची बोटे गार पडली. खाली पाहते तो नखांवर दगडाची छटा. समोर यशोवर्मा, बोट वर केलेला. हेच शब्द याच दरबारात तिने ऐकले होते. तिला भयंकर लाज वाटली.

"घ्या," ती म्हणाली आणि मुद्रा धोंडदेवाच्या ओल्या हातात ठेवली. "पाट अर्धा आहे. चुकलात तर चुका. विचारलंत तर सांगेन."

त्याच क्षणी सूर्य मावळला. तिच्या पायांत ऊब परतली. दगडाला तडा गेला, धूळ झडली आणि यशोवर्म्याने राहिलेले वाक्य पुरे केले, "...उरकलं की देतो."

मग तो दचकला. इकडेतिकडे पाहत म्हणाला, "मालावती, मुद्रा कुठे आहे? अजून कितीतरी काम राहिलंय!"

"राहू दे," मालावती म्हणाली आणि त्याचे वर उचललेले बोट हळूच खाली केले. "चला घरी."

मागे धोंडदेव रखवालदार राक्षसाला बोलावून पाटाची वाट विचारत होता. मालावतीने एकदाही मागे वळून पाहिले नाही.